दलदलीपलीकडची चार घरं

तायमी इकोनेनच्या वर्गातून बाहेर पडलेलं माणूस लांबूनही ओळखू यायचं. जिन्यात मध्येच थांबून ते स्वतःचाच आराखडा असा वाचत असायचं, जणू तो दुसऱ्या कुणीतरी लिहून हातात दिलाय. भूगोल विभागात पीएच.डी.ला आलेल्या प्रत्येकाला तिचा अभ्यासक्रम घ्यावाच लागे. त्याचं कागदावरचं नाव भारदस्त होतं, 'विज्ञानाचं तत्त्वज्ञान आणि संशोधनाची आखणी'. मुलं मात्र त्याला 'तायमीची चाळणी' म्हणत.

ती कधी कुणावर ओरडली नाही. आधी थर्मासमधली कॉफी ओतायची, दालचिनीचा पाव पुढे करायची, समोरच्याला पोटभर बोलू द्यायची, आणि मग एखादा साधासा प्रश्न विचारायची.

"शहरात बायकांना कुठे कुठे भीती वाटते, त्याचा नकाशा करणार आहे मी," नीना नावाची एक हुशार मुलगी एकदा उत्साहाने सांगत होती.

"छान. आणि ज्यांना भीती वाटतच नाही, त्या नकाशात कुठे दिसणार?"

"त्या... म्हणजे प्रश्नावलीत असं आहे, की सर्वात जास्त भीती कुठे वाटते. पाचातली एक जागा निवडायची."

"म्हणजे भीती वाटते हे तू घरीच ठरवून आलीस. त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त पत्ता सांगायचा." तायमीने तिच्या कपात आणखी कॉफी घातली. "मला एक सांग. तुझं म्हणणं चूक निघायचं असेल, तर तुला काय दिसायला हवं?"

नीनाने प्रश्नावलीची पानं पुन्हा उलटून पाहिली. "तसं काही दिसूच शकत नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग हा शोध नाही झाला, ही नुसती सजावट झाली. रडू नकोस गं. घरी जा, झोप काढ, सोमवारी ये. आपण दोघी मिळून बघू."

आणि सोमवारी ती खरोखरच दोन-दोन तास बसायची. नीनाचा आराखडा तिने चार वेळा मोडला आणि पाचव्यांदा उभा करून दिला. विभागातल्या निम्म्याअधिक प्रबंधांच्या पहिल्या पानावर तिचे आभार मानलेले होते. प्राध्यापक मंडळीसुद्धा अनुदानाचे अर्ज पाठवण्याआधी हळूच तिच्या दारावर टकटक करत. एकच गोष्ट कुणी तिच्यासमोर काढत नसे. दुसऱ्यांचे प्रबंध पार लावणाऱ्या तायमीचा स्वतःचा प्रबंध काही पुरा झाला नव्हता.

सुरू मात्र झोकात झाला होता. नव्वदच्या दशकातल्या मंदीचे दिवस होते. पिएलिनेन सरोवराच्या अंगाला जंगलात विखुरलेली गावं एकेक करून ओस पडत होती. आधी शाळा बंद व्हायची, मग दुकान, मग पोस्ट. तरुण तायमी जुन्या गाडीतून त्या गावांतून हिंडली. घरोघरी कॉफी प्यायली, कोण कुणाला लाकडं फोडून देतं, कोण कुणाच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जातं, आजारपणात कोण कुणाला दवाखान्यात नेतं, सगळं विचारून घेतलं. त्यातून तिने एक सिद्धान्त मांडला. गाव टिकतं ते दुकानामुळे नाही आणि शाळेमुळेही नाही, माणसांच्या एकमेकांतल्या गुंत्यामुळे टिकतं. जिथे गुंता घट्ट, तिथे माणसं थांबतात. तिने पाहिलेल्या गावांत सर्वात घट्ट गुंता होता रिम्पिवारा गावाचा. म्हणून तिने ठामपणे लिहिलं की बाकीची गावं संपली तरी रिम्पिवारा शेवटपर्यंत तग धरेल.

रिम्पिवारा सर्वात आधी रिकामं झालं. हळूहळू झिजून नव्हे, बघता बघता. लोकसंख्येच्या नोंदीत दोन-तीन वर्षांत आकडा घसरत घसरत जवळपास शून्यावर आला. बाकीची गावं मात्र कण्हत का होईना, चालू राहिली.

दुसरं कुणी असतं तर त्याने रिम्पिवारा अपवाद म्हणून बाजूला ठेवून प्रबंध बांधून टाकला असता. तिच्या मार्गदर्शकांनी तसं सुचवलंही होतं. "एका गावाने काय होतंय?" ते म्हणाले. तायमीला ते जमेना. ज्या गावावर सिद्धान्त उभा केला, त्याच गावाने तो पाडला होता. त्याला अपवाद म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? ती कारण शोधत बसली. एकेक कारण मांडायची आणि आपल्याच प्रश्नाने पाडायची. वर्षं गेली. नवरा वेगळा झाला, तोही भांडून नाही. "तुझ्याशी बोलताना मला सारखं वाटतं की माझ्याकडे पुरावा नाहीये," एवढंच तो म्हणाला होता. ते आठवून तायमी कधी हसायची, कधी नाही.

मग विद्यापीठाचे नियम बदलले. विभागप्रमुख इल्पो रॅती एका दुपारी तिच्या खोलीत आला आणि दार लावून घेऊन उभाच राहिला. इल्पो एकेकाळी तिचाच विद्यार्थी. अजूनही तिच्या टेबलासमोर आला की त्याचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे.

"बस की."

"नको, उभाच बरा आहे. तायमी, वरून आदेश आलाय. डॉक्टरेट नसलेल्यांना कायमच्या जागेवर ठेवता येणार नाही. पुढच्या वसंतापर्यंत मुदत मागून घेतलीय मी."

"आणि नाही झालं तर?"

"तर तुझा वर्ग मला घ्यावा लागेल," इल्पो म्हणाला. "मुलांवर दया कर."

ती हसली खरी. तो गेल्यावर मात्र तिने नेहमीसारखा थर्मास धुतला नाही, टेबल आवरलं नाही, तशीच घरी गेली.

जूनमध्ये, कितीतरी वर्षांनी, ती रिम्पिवाराला गेली. आकड्यांतून जे सापडत नाही ते निदान डोळ्यांनी तरी बघून यावं, एवढाच विचार. रस्त्यावर गवत माजलं असेल, छपरं बसली असतील, असं चित्र तिने मनाशी धरलं होतं. वळणावरून गाडी खाली उतरली आणि तिने ब्रेक दाबला. उतारावर बटाट्याचं शेत होतं. माती ओढून लावलेल्या सरळ ओळी, तण कुठे बोटभरही वाढू दिलेलं नाही. काठावर एक होडी उपडी ठेवलेली, तिला ताजं डांबर फासलेलं. सगळ्या घरांपुढचं गवत कापलेलं. माणूस मात्र एकही नाही.

ती एका पायरीवर बसून राहिली. तासाभराने एक मोठी व्हॅन आली आणि तिच्यातून कुदळी, टोपल्या, एक कुत्रा आणि सात-आठ म्हातारी माणसं उतरली. सर्वात पुढे फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक ठेंगणी बाई होती.

"कोण गं तू? घर विकत घ्यायला आली असशील तर आल्या पावली परत जा. काही विकायचं नाहीये."

"मी तायमी. तायमी इकोनेन. मागे खूप वर्षांपूर्वी आले होते, विद्यापीठातून..."

"अगंबाई! ती प्रश्नवाली पोर!" बाई वळून बाकीच्यांना ओरडली. "रेइनो, बघ, ती सौनाची चौकशी करणारी! केस पांढरे झाले की गं तुझे. मिळाली का सगळी उत्तरं?"

ही केर्त्तू नुउतिनेन. तायमीला आता ती आठवली. त्या काळी गावातलं कोणतंही काम केर्त्तूच्या स्वयंपाकघरातूनच सुरू व्हायचं.

"केर्त्तू, तुम्ही अजून इथे राहता?"

"छे! इथे कोण राहतंय? आम्ही सगळे शहरात. नदीकाठी त्या दोन पिवळ्या इमारती आहेत ना, तिथे."

"सगळे?"

"सगळे म्हणजे गाव. आइनो माझ्या वरच्या मजल्यावर. दिवसभर फर्निचर सरकवत असते, काय शोधते देव जाणे. हा रेइनो माझाच नवरा, त्याला काही मी वेगळा मजला दिला नाही."

"मागितला होता मी," रेइनो कुत्र्याला सोडत म्हणाला.

तायमीने वही काढली नाही, काही नाही, नुसतं विचारलं, "पण गेलात का तुम्ही? तुमचं तर सगळ्यात चांगलं चाललं होतं."

"अगं, याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना किती लांब! मी म्हटलं, मी हिवाळ्याच्या आत शहरात जाणार. तर आइनो म्हणाली, तू गेलीस तर मी बोलू कुणाशी? झाडांशी? तिने माझ्याच इमारतीत घर बघितलं. आइनो निघाली म्हटल्यावर तिचा भाऊ. भाऊ निघाला म्हटल्यावर ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टर गेल्यावर बर्फ कोण काढणार? मग राहिलेले म्हणाले, आम्हाला काय इथे लांडग्यांना घालून चाललात?" केर्त्तूने हात झटकले. "मग काय, दोन वर्षांत सगळी वरात तिकडे. आणि शनिवारी इकडे. चल, नुसती बसू नकोस, टोपली धर."

त्या दिवशी तायमीने दिवसभर तण उपटलं, सौनात गेली, धुरावलेले मुईक्कू मासे हाताने खाल्ले. परतताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून खूप हसली. तिचा सिद्धान्त पडलाच नव्हता, उलटा होऊन उभा होता. गुंता घट्ट होता म्हणूनच गाव रिकामं झालं होतं. सैल गावांत एक गेला तर दुसऱ्याला फरक पडत नव्हता, म्हणून ती गावं एकेक माणूस गाळत रेंगाळली. इथे एक उठली आणि तिच्यामागोमाग सगळं गाव उठलं. नोंदीत माणसं जिथे झोपतात ती जागा मोजली जाते. गाव म्हणजे माणसांच्या झोपायच्या जागांची बेरीज, हे तिने कधी तपासूनच पाहिलं नव्हतं. वीस वर्षं ती उत्तर मोडत बसली होती, आणि खोट होती 'गाव' या शब्दात.

तो हिवाळा तिने पिवळ्या इमारतींत काढला. गोठलेल्या नदीवरून स्की करत जायची, बूट दारात काढायची, की केर्त्तू हजर. कुणाकडे आज जायचं, कुणाला काय विचारलेलं आवडत नाही, सगळं केर्त्तू सांगायची, सोबत यायची, मुलाखतीत शेजारी बसून विणकाम करायची. मधूनच म्हणायची, "खोटं बोलू नकोस, आर्मास, तू तेव्हा रडला होतास." कामाला असा वेग तायमीने आयुष्यात पाहिला नव्हता.

एकदा तिने जुन्या नोंदी चाळताना विचारलं, "केर्त्तू, गावाच्या हद्दीत आणखी चार कुटुंबं दिसतात. सोर्सा, आणि आणखी तीन. ती कुठे राहतात आता?"

केर्त्तूच्या सुया थांबल्या नाहीत. "ते ना? ते दलदलीपलीकडचे. गेले कुठेतरी, कधीच. ते काही गाव नव्हेत गं."

तायमीने जुन्या यादीतले दोन फोन लावून पाहिले. दोन्ही बंद. एखाद्या विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबलेलं तिला चाललं नसतं. 'दार उघडणाऱ्याच्या मागोमाग जाऊ नकोस, त्याने कोणतं दार उघडलं नाही ते बघ,' हे तिचं वर्गातलं ठरलेलं वाक्य होतं. पण वसंत जवळ येत होता, प्रकरणं भराभर लिहून होत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला आपलं काम आवडत होतं. तिने तळटीप लिहिली, 'चार कुटुंबांशी संपर्क होऊ शकला नाही,' आणि पान उलटलं.

प्रबंध स्वीकारला गेला. पदवीआधी प्रबंधावर जी जाहीर चर्चा व्हायची, तिच्या आधी स्थानिक वर्तमानपत्राने फोटोसकट बातमी छापली, 'अख्खं गाव हातात हात घालून शहरात आलं.' मथळा वाचून तायमी जरा चरकली, कारण 'अख्खं' हा शब्द तिचा नव्हता. मग वाटलं, वर्तमानपत्रच ते, थोडं फुगवणारच.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. एरवी अशा चर्चेला आईवडील आणि चार सहकारी येतात. इथे दोन्ही पिवळ्या इमारती आल्या होत्या. केर्त्तू पहिल्या रांगेत, नव्या निळ्या कोटात. काळ्या पोशाखात तायमी आधी आत आली, तिच्यामागे अध्यक्ष म्हणून इल्पो, त्याच्यामागे प्रतिपक्षी म्हणून नेमलेल्या, दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राध्यापक. या बाईंनी दोन तास तिला सोडलं नाही. व्याख्या तपासल्या, पद्धत तपासली, एका गावावरून किती बोलायचं यावर बराच वेळ खेचलं. तायमी शांतपणे उत्तरं देत होती. इतकी वर्षं हेच प्रश्न तिने स्वतःला आरशासमोर विचारले होते. शेवटी बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की असं काम वाचायला मिळावं म्हणूनच आपण या धंद्यात आलो. इल्पोने सुटकेचा श्वास सोडला तो माइकवरून सगळ्यांना ऐकू गेला.

आता फक्त एक उपचार उरला होता. तायमी सभागृहाकडे वळली आणि शतकानुशतकं म्हटलं जातं ते वाक्य म्हणाली, "या प्रबंधाविरुद्ध कुणाला काही म्हणायचं असेल, तर त्यांनी अध्यक्षांकडे बोलण्याची परवानगी मागावी."

कुणीच कधी मागत नाही. लोक या वाक्याला कोट चढवायला लागतात, कारण त्यानंतर कॉफी आणि केक असतो. इल्पोने समारोपासाठी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची वाजली.

"मला म्हणायचंय."

एक उंच, वाळकी म्हातारी उभी होती. हातात कापडी पिशवी, पायांत रबरी बूट. इल्पोने तायमीकडे पाहिलं. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"बोला," तो म्हणाला. "आपलं नाव?"

"एल्वी सोर्सा. रिम्पिवारा." पहिल्या रांगेत केर्त्तूची मान ताठ झाली. "माझी मुलगी नुर्मेसला असते, मी तिच्याकडे राहते. पेपरात वाचलं की अख्खं गाव हातात हात घालून आलं. म्हणून मुलीला म्हटलं, ते पुस्तक मिळतंय का बघ. सगळं नाही समजलं मला. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की चार कुटुंबांशी संपर्क झाला नाही. ती बारीक अक्षरं म्हणजे मी."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"सगळे गेले तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही, येता का म्हणून. ट्रॅक्टर गेला. त्यानंतर दोन हिवाळे आम्ही तिथे होतो. मी, माझा नवरा वेइक्को, आणि आमच्या बाजूची तीन घरं. दलदलीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचं बर्फ वेइक्को फावड्याने काढायचा. दुसऱ्या हिवाळ्यात तो आजारी पडला तर अँब्युलन्स मोठ्या रस्त्यावरच थांबली. आम्ही त्याला बर्फावरच्या घसरगाडीवरून तिथवर नेलं. तो वारला तो त्यामुळे नाही, वारायचाच होता. मला कुणाला बोल लावायचा नाहीये. पण तुम्ही लिहिलंय की गाव एकदम रिकामं झालं. नव्हतं झालं. आम्ही होतो."

ती खाली बसली नाही. तिला उत्तर हवं होतं, आणि रिवाजाप्रमाणे ते द्यावंही लागणार होतं.

समोर केर्त्तू मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होती. उत्तर तयार करायला तायमीला वेळ लागला नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली. नोंदीत तेव्हा आकडा अगदी शून्य नव्हता, तो तसाच छापलाय, असं म्हणता आलं असतं. संशोधनाच्या मर्यादा पहिल्या प्रकरणात सांगितल्या आहेत, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नसतं.

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ती म्हणाली. "मी जे एकत्र गेले त्यांच्याकडे गेले, आणि सगळे एकत्र गेले असं लिहिलं. मला दोन फोन लागले नाहीत, आणि मी तिसरा लावला नाही. माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं."

मागे बसलेल्या नीनाने हाताने तोंड झाकून घेतलं.

"पण एक सांगते," तायमीचा आवाज आता सावरला होता, कारण विचार करणं हेच तिचं सावरणं होतं. "मी लिहिलंय की माणसं एकमेकांत गुंतलेली होती म्हणून एकत्र उठली. तुम्ही सांगताय की जी त्या गुंत्यात नव्हती ती मागे राहिली. यामुळे माझं ते म्हणणं मोडत नाही, उलट पक्कं होतं. मोडतो तो माझा 'गाव' हा शब्द. तो मी न तपासता दुसऱ्यांच्या तोंडून घेतला."

"ते तुमचं तुम्ही बघा," एल्वी म्हणाली. "मला एवढंच सांगायचं होतं, आम्ही होतो."

आणि ती खाली बसली. इल्पोने कसाबसा समारोप केला.

बाहेर टेबलांवर कॉफी मांडली होती, भात भरून भाजलेल्या पिराक्का होत्या, केक होता. केर्त्तू कशालाही न शिवता निळ्या कोटाची बटणं लावत सरळ दरवाज्याकडे गेली. तायमी तिच्यामागे धावली.

"केर्त्तू, थांबा ना."

"शंभर माणसांत आमचं नाक कापलंस तू. वर्षभर माझ्या घरची कॉफी प्यायलीस."

"मी तुमचं नाव घेतलं का?"

"घ्यायला कशाला हवं? सगळ्यांना कळलं." केर्त्तूने शेवटचं बटण ओढून लावलं. "त्यांना बोलवायला हवं होतं गं. पण ते कधी आपल्यात नव्हतेच. माझ्या सासूच्या वेळेपासून नव्हते. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"तेच मला लिहायचं होतं," तायमी हळूच म्हणाली. "ते सुटलं माझ्याकडून."

केर्त्तू गेली. रेइनो मात्र तिच्यामागे गेला नाही. छातीवर हात ठेवून तो टेबलापाशी गेला, दोन कप भरून घेतले आणि कोपऱ्यात एकट्याच बसलेल्या एल्वीसमोर जाऊन एक ठेवला. काय बोलले कुणाला ऐकू आलं नाही.

तायमी इकोनेन डॉक्टर झाली, तिची जागा कायम राहिली. छापील प्रबंध बदलता येत नव्हता, म्हणून पुढच्या वर्षी तिने वेगळा लेख लिहायला घेतला. त्यासाठी ती नुर्मेसला एल्वीकडे जायला लागली. पहिल्या दोन खेपा एल्वीने काहीच सांगितलं नाही. कॉफी दिली, हवेबद्दल बोलली, रेकॉर्डरकडे बघून म्हणाली, "ते यंत्र तुझ्या पिशवीत ठेव. मला मेल्यावर त्यातून बोलायचं नाहीये." तिसऱ्या खेपेला बोलायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबेना. दलदल कोरडी करायला सरकारने आणलेले लोक, त्यांची पहिली लाकडी घरं, शाळेत पलीकडच्या मुलांचा वेगळा बाक, लग्नात न आलेली आमंत्रणं, आणि तरीही त्या दोन हिवाळ्यांत चार घरांनी मिळून काढलेलं बर्फ. तायमी हाताने लिहीत राहिली. घट्ट गुंता इथेही होता. नकाशावरची एक रेघ ओलांडून तिने तो कधी पाहिला नव्हता, इतकंच.

केर्त्तूचा राग उन्हाळाभर टिकला. तायमीने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा रेइनोने उचलला आणि "ती घरी नाही," असं केर्त्तूच्या आवाजाच्या पार्श्वभूमीवर सांगितलं. सप्टेंबरात केर्त्तूने स्वतःच फोन केला.

"त्या सोर्साबाईला विचार," ती एका दमात म्हणाली, "व्हॅनमध्ये जागा असते शनिवारी. मी विचारलं तर ती नाही म्हणेल."

"मी विचारलं तरी नाहीच म्हणतील बहुतेक."

"म्हणू दे. विचारलं तर पाहिजे ना."

एल्वी नाहीच म्हणाली. "आता कशाला?" एवढंच. पण आठवड्याने तिनेच तायमीला सांगितलं, "व्हॅन नको. तुझ्या गाडीतून ने. आमची बाजू बघून येऊ एकदा."

ऑक्टोबरातल्या एका स्वच्छ सकाळी दोघी निघाल्या. बर्चची पानं गळून गेली होती, रस्त्यावर पहिलं गोठलेलं दव पडलं होतं. एल्वी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. रिम्पिवाराची पाटी दिसली तशी तायमीने सवयीने गाडीचा वेग कमी केला, उजवीकडचा दिवा लावला.

"इकडून नाही," एल्वी म्हणाली. "सरळ घे. आमचा रस्ता पुढून आहे."

तायमीने दिवा बंद केला. या भागात ती तरुणपणापासून फिरत होती, आणि त्या पाटीच्या पुढे कधीच गेली नव्हती. डांबर संपलं, खडी लागली, दोन्ही बाजूंना खुरटे पाइन आणि पिवळं पडलेलं दलदलीचं गवत पसरत गेलं. एल्वी काच खाली करून पुढे वाकली आणि बोटाने दाखवत कुणाचं घर कुठे होतं ते सांगायला लागली.